‘बघू नये असं कुठे लिहिलंय?’

अंगणवेल | सोमवार, रात्री ९.४०

गेल्या आठवड्यात माझा भाचा अभ्यासिकेतून रात्री पावणेअकराला घरी येत होता. चौकात नाकाबंदी होती. लायसन्स, पीयूसी, हेल्मेट, सगळं जागेवर. तरी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि साहेब म्हणाले, "मोबाईल उघड." भाचा एमपीएससी करतोय, म्हणजे कलमं तोंडपाठ आणि तोंडाला कुलूप नाही. त्याने विचारलं, "सर, कुठल्या कलमाखाली?" साहेब शांतपणे म्हणाले, "बघू नये असं कुठे लिहिलंय ते तू दाखव."

त्याने उघडून दिला. व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्चमध्ये दोन-तीन शब्द टाकून पाहिले, फोटो वरखाली केले (त्यात माझ्या बहिणीचे घरातले गाऊनवरचे फोटोही आले) आणि "जा" म्हणाले. चार मिनिटांचं काम. नाव लिहून घेतलं नाही, नोंद नाही. भावोजींचं म्हणणं, "लपवण्यासारखं काही नव्हतं ना? मग झालं तर." घरात विषय तिथेच संपला. माझ्या डोक्यातून मात्र साहेबांचं वाक्य जाईना, कारण ते मी आधी कुठेतरी वाचलं होतं. वाचलं म्हणजे टाईप केलं होतं.

मी वकील नाही. बावीस वर्षं एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग केलं. त्या काळात एक दाखला इतक्या वेळा टंकला की बोटांना पाठ झाला: महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रभाकर पांडुरंग संझगिरी. निवृत्त झाल्यावर तो निकाल पहिल्यांदा सावकाश वाचला.

गोष्ट अशी. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये चीनचं युद्ध पेटलं, २६ तारखेला आणीबाणी जाहीर झाली. (युद्ध महिन्याभरात थांबलं, आणीबाणी जानेवारी १९६८ पर्यंत राहिली. हातात आलेली सोय कुणाला टाकवते?) भारत संरक्षण नियमांखाली धरपकड झाली त्यात कम्युनिस्ट कार्यकर्ते संझगिरी मुंबईच्या तुरुंगात गेले. खटला नाही, आरोपपत्र नाही, नुसती स्थानबद्धता. आत बसून या गृहस्थांनी काय करावं? पुंज सिद्धांतावर मराठीत पुस्तक लिहिलं! नाव ‘अणूच्या अंतरंगात’. लिहायला सरकारचीच परवानगी होती. लिहून झाल्यावर त्यांनी हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवू द्या असा अर्ज केला. सरकार म्हणालं, नाही.

ते हायकोर्टात गेले. हायकोर्टाने अनुक्रमणिका पाहिली, पुस्तक निव्वळ विज्ञानाचं आहे, त्याने देशाच्या संरक्षणाला कसला धोका, असं म्हणून हस्तलिखित बाहेर पाठवायला सांगितलं. यावर राज्य सरकारने काय केलं असेल? अपील! अणूच्या एका मराठी पुस्तकासाठी महाराष्ट्र सरकार दिल्लीला, सुप्रीम कोर्टात गेलं.

तिथे सरकारचा युक्तिवाद होता: माणूस स्थानबद्ध झाला की त्याचं स्वातंत्र्य संपलं. आता १९५१ च्या आदेशात स्थानबद्धांना ज्या सवलती लिहिल्या आहेत तेवढ्याच त्याच्या. पत्रं लिहावीत, भेटी घ्याव्यात असं लिहिलंय. पुस्तक छापायला पाठवावं असं कुठे लिहिलंय?

१९६५ च्या सप्टेंबरमध्ये निकाल लागला. न्या. सुब्बाराव यांचं उत्तर मला फार आवडतं. त्यांचा आशय असा की हा युक्तिवाद मान्य केला, तर जेवण द्यावं अशी अट आदेशात नसती तर स्थानबद्धाला उपाशी मारता आलं असतं. आदेशातल्या अटी ही सरकारने वाटलेली खिरापत नाही, ती बंधनं आहेत. जे बंधन लिहिलेलं नाही ते घालायचं असेल, तर सरकारने कायदा दाखवावा. सरकारचं अपील फेटाळलं गेलं.

नाकाबंदीवरच्या साहेबांचं वाक्य आणि १९६५ सालच्या सरकारचं वाक्य शेजारी ठेवून बघा. साठ वर्षांत शब्दसुद्धा बदललेले नाहीत. ‘कुठे लिहिलंय’ हा प्रश्न नागरिकाने विचारायचा असतो आणि उत्तर खुर्चीने द्यायचं असतं. आपल्याकडे तो उलटा कधी झाला आणि आपण तो मुकाट्याने मान्य का केला, यावर बोलूया.

सदाफुली | सोमवार, रात्री १०.०५

वाखुसा (वाचनखूण साठवली). तुरुंगात बसून क्वांटम! आणि मी लॉकडाऊनमध्ये फक्त वजन वाढवलं.

व्यवहारी | सोमवार, रात्री १०.३१

लेख रंजक आहे, पण राईचा पर्वत होतोय. चार मिनिटं फोन बघितला, दिला सोडून. ज्या शहरात २६/११ झालं त्याच्या आसपास आपण राहतो. नाकाबंदीत शंभरातल्या एकाकडे जरी काही सापडलं तरी उरलेल्या ९९ जणांची चार मिनिटं वसूल. राज्यघटना म्हणजे काही आत्महत्येचा करार नाही.

फौजदारीवाला | सोमवार, रात्री ११.१८

@व्यवहारी, २६/११ काढलंच आहे तर ऐका. कसाबच्या अपिलातही सर्वोच्च न्यायालयाला एक प्रश्न तपासावा लागला: त्याला वकील वेळेवर मिळाला का? घटनेचं कलम २२(१). ऑगस्ट २०१२ च्या निकालात फाशी कायम झाली, पण त्याच निकालात देशभरच्या मॅजिस्ट्रेटना सांगितलं गेलं की आरोपी पहिल्यांदा समोर आला की ‘तुला वकिलाचा हक्क आहे, नसेल परवडत तर सरकार देईल’ हे त्याला सांगायचंच. त्या माणसाच्या खटल्यात नियम पाळून शिक्षा देता आली, तर अभ्यासिकेतून येणाऱ्या पोराला कलम सांगायला काय अडचण?

आता मूळ मुद्दा. अंगणवेलताई, तुम्ही सुब्बाराव म्हणालात, त्यांचाच तीन वर्षं आधीचा एक प्रसंग आहे. उत्तर प्रदेशातला खरकसिंग. दरोड्याच्या संशयावरून १९४१ मध्ये धरला, पुराव्याअभावी सुटला, तरी पोलिसांनी त्याची हिस्ट्रीशीट उघडली. मग रात्री-अपरात्री दार ठोठावायचं, आहे का घरात, कुठे जातोस, कोण आलंय. डिसेंबर १९६२ मध्ये न्यायालयाने रात्रीच्या घरभेटी बेकायदा ठरवल्या, आणि कारण बघा: पोलिसांकडे होती ती खात्याची नियमावली. विधिमंडळाने केलेला कायदा नव्हता. खात्याने स्वतःसाठी लिहिलेल्या सूचना दाखवून दुसऱ्याच्या घराचं दार वाजवता येत नाही. बहुमताने मात्र बाकीची पाळत चालेल, खाजगीपणाचा वेगळा हक्क घटनेत नाही, असंही म्हटलं. सुब्बाराव तिथे अल्पमतात होते. त्यांचं म्हणणं होतं की पाळतीखाली मोकळा फिरणारा माणूस मोकळा नसतोच. ते मान्य व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. नऊ न्यायाधीश, पुट्टस्वामी निकाल: खाजगीपणा हा मूलभूत हक्क. सरकारला खाजगी आयुष्यात हात घालायचा तर आधी कायदा हवा, मग त्यामागे रास्त हेतू हवा, आणि हात गरजेपुरताच घातलेला हवा.

रस्त्यावर उभं करून कुणाचाही मोबाईल चाळायचा अधिकार देणारं कलम बीएनएसएसमध्ये (सीआरपीसीच्या जागी आलेला फौजदारी प्रक्रियेचा कायदा) मला आजवर भेटलेलं नाही. गुन्ह्याच्या तपासात फोन हवा असेल तर मागणीची लेखी नोटीस आहे, जप्ती आहे, पंचनामा आहे, आणि आता कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रण आहे. गांजाचा संशय असेल आणि अंगझडती घ्यायची असेल तर अमली पदार्थविरोधी कायद्याचं, एनडीपीएसचं, कलम ५० म्हणतं, राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागायचा तुला हक्क आहे, हे आधी सांगा. चार मिनिटांत यातलं काय झालं?

खाकी_निवृत्त | मंगळवार, सकाळी ६.५०

वाचून गप्प बसणार होतो, पण राहवलं नाही. ३४ वर्षं नोकरी केली, शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो.

नाकाबंदीवर उभा असलेला माणूस बारा-चौदा तास ड्युटीवर असतो. वरून तोंडी आदेश येतो, "आज जरा कडक करा." कडक म्हणजे काय ते कुणी लिहून देत नाही. उद्या त्याच चौकातून माल गेला तर पहिला मेमो त्यालाच. तेव्हा तो हाताला लागेल ते तपासतो. हे बरोबर म्हणत नाही, कसं होतं ते सांगतोय.

आमच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसलेली असायची: २४ तास. धरला की २४ तासांत कोर्टापुढे उभा करायचा, प्रवासाचा वेळ सोडून. का? कारण ते चुकलं की मॅजिस्ट्रेट साहेब सगळ्यांसमोर झाडायचे. अटकेच्या नियमांबद्दल सुप्रीम कोर्टाचा डी. के. बसू निकाल आला तेव्हा (डिसेंबर ९६ चा) अकरा मुद्द्यांचा बोर्ड ठाण्यात लागला. अटकेचा मेमो, त्यावर साक्षीदार, नातेवाईकाला कळवणं, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. पहिल्यांदा सगळे वैतागले. मग सवय झाली. सांगायचं असं की शिपाई घटना वाचून सुधारत नाही, कोर्टात बोलणी बसली की सुधारतो. तुमच्या भाच्याच्या प्रकरणात कोर्टापर्यंत काही जातच नाही, म्हणून ते चालतं.

व्यवहारी, तुम्ही ९९ जणांचं गणित मांडलंत. ते ९९ लोक पुढच्या वेळी साक्ष द्यायला पुढे येत नाहीत. हे मी स्वतः भोगलंय.

अंगणवेल | मंगळवार, सकाळी ९.१२

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ‘तोंडी आदेश’ हे शब्द बाजूला लिहून ठेवलेत.

टाकळीकर | मंगळवार, दुपारी १.२६

शहरातल्या लोकांचा मोबाईल बघितला तर धागा निघतो. आमच्याकडं बघा. निवडणूक लागली, गणपती आले, की यादी तयार. चॅप्टर (प्रतिबंधक कारवाई) लावायचा, तहसीलला बोलवायचं, बॉन्ड लिहून घ्यायचा. पोरगं दोन वेळा भांडणात सापडलं की तडीपारीची नोटीस. मुंबई पोलीस कायदा म्हणायचे आधी, आता महाराष्ट्र पोलीस कायदा, कलम ५६. एका जिल्ह्यातून नाही, शेजारच्या दोन-तीन जिल्ह्यांतूनबी. साक्षीदार कोण? ‘गोपनीय’. शेती इकडं अन् माणूस तिकडं भाड्याच्या खोलीत.

जालन्याच्या एका प्रकरणात २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की तडीपारी हा साधा उपाय नाही, माणसाच्या फिरण्याच्या हक्कावर घाव आहे, डोकं न लावता आदेश काढू नका. चांगलं सांगितलं. पण सुप्रीम कोर्टात जाईपर्यंत तडीपारीची मुदत कितीकांची संपून जाते. संझगिरी साहेबांच्या मागं पक्ष होता, वकील होते. आमच्या गावातल्या पोराच्या मागं आई असती, ती औरंगाबाद खंडपीठाला यष्टीनं किती चकरा मारणार? हक्क पुस्तकात हाय, पुस्तक कपाटात, अन् किल्ली वकिलाकडं.

सदाफुली | मंगळवार, दुपारी १.५८

शेवटच्या वाक्याला दंडवत.

फौजदारीवाला | मंगळवार, दुपारी ३.४०

टाकळीकर, किल्लीवाला म्हणून माझी बाजू मांडत नाही, तुमचं बरोबर आहे. फक्त दोन गोष्टी. विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक फुकट आहे आणि तालुक्यालाही त्यांची समिती असते. दुसरं, डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायला आणि चित्रण १८ महिने जपायला सांगितलंय. ठाण्यात काही वाईट झालं तर दुसऱ्याच दिवशी ‘अमुक तारखेचं चित्रण जपून ठेवा’ असा एक साधा अर्ज देऊन पोच घ्या. याला वकील लागत नाही. नंतर ‘कॅमेरा बंद होता’ असं उत्तर आलं, तर तेही रेकॉर्डवर राहतं.

पैलतीर | मंगळवार, सायंकाळी ७.१५ (आमच्याकडे सकाळ)

न्यू जर्सीहून. इकडे २०१४ मध्ये रायली खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांचं एकमत झालं: माणसाला कायदेशीर अटक केली असली तरी त्याचा फोन वॉरंटशिवाय चाळता येणार नाही. कारण फोन म्हणजे खिशातलं पाकीट नव्हे, अख्खं घर असतं त्यात. आणि तसा चाळून मिळवलेला पुरावा सहसा बादच होतो, पोलिसांना खरी धास्ती त्याची आहे.

पण फार कौतुक नको. विमानतळावर उतरलो की इमिग्रेशनवाले फोन मागतात आणि तिथे या निकालाचं छत्र बरंचसं मिटलेलं असतं. ग्रीन कार्डवाला मराठी माणूस तिथे जसा गप्प फोन देतो तसा तो आपल्या नाकाबंदीवरही देत नसेल.

फौजदारीवाला | मंगळवार, रात्री ९.०२

आणि हीच आपल्याकडची मोठी फट आहे. डिसेंबर १९७३ चा पूरणमल निकाल: झडती बेकायदा असली तरी सापडलेला पुरावा, प्रकरणाशी संबंधित असेल तर, चालतो. त्याच्या आधी मुंबईच्या कॉरोनरचं (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी), मलकानींचं प्रकरण. लाचेच्या मागणीचं फोनवरचं बोलणं टेपरेकॉर्डर जोडून घेतलं होतं, ते पुराव्यात चाललं. म्हणजे अधिकाऱ्याने नियम मोडला तर कागदावर त्याच्यावर कारवाई होऊ शकते, पण त्याच्या हाताला लागलेला माल कोर्ट परत टाकत नाही. खाकीकाका म्हणतात ती ‘बोलणी बसायची’ जागा इथे नेमकी रिकामी आहे.

उंबरठा | मंगळवार, रात्री १०.४७

माझी शंका मूळ लेखालाच आहे. ताई, तुमचा सगळा भर ‘कायदा दाखवा’ यावर. आणि त्यांनी दाखवला तर?

२०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने लाईक केलं. दोघींना अटक. त्यांना कोणी ‘बघू नये असं कुठे लिहिलंय’ विचारलं नव्हतं. कायदा होता, छापलेला होता, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ. ते मार्च २०१५ मध्ये रद्द झालं. आणि रद्द झाल्यावरही ठाण्यांमध्ये त्याखाली गुन्हे नोंदवणं सुरूच राहिलं, इतकं की २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाला धक्का बसल्याचं सांगावं लागलं.

१९५० मध्ये विनाखटला डांबलेले कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन कोर्टात गेले तेव्हा बहुमताचं उत्तर थोडक्यात असंच होतं: संसदेने कायदा केलाय, त्यात पद्धत दिलीय, ती न्याय्य आहे की नाही हे आम्हाला विचारू नका. आणि घटना समितीत सोमनाथ लाहिरी १९४७ मध्येच म्हणाले होते की यातले बरेच मूलभूत हक्क पोलीस शिपायाच्या नजरेतून लिहिल्यासारखे दिसतात. प्रत्येक हक्काच्या मागे ‘परंतु’ आहेच. त्या ‘परंतु’मध्ये कायदा बसवणं विधिमंडळाला किती वेळ लागतं? जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून पार पडलं.

संपादक मंडळ | मंगळवार, रात्री ११.०५

धागा चांगला चालला आहे. चालू पक्षीय राजकारणासाठी वेगळा धागा काढावा. एक प्रतिसाद उडवला आहे.

सदाफुली | मंगळवार, रात्री ११.०९

मूलभूत हक्कांच्या धाग्यावर प्रतिसाद उडाला! कुठल्या कलमाखाली? (ह.घ्या., हलके घ्या)

अंगणवेल | बुधवार, सकाळी ८.३३

@उंबरठा, रात्री झोप लागली नाही तुमच्यामुळे. मान्य. ‘कायदा दाखवा’ हे पहिलं दार आहे, शेवटचं नाही. गोपालनपासून मनेका गांधींपर्यंत, म्हणजे १९५० ते जानेवारी १९७८, अठ्ठावीस वर्षं लागली दुसरं दार उघडायला: नुसता कायदा असून भागत नाही, त्यातली पद्धत न्याय्य, रास्त आणि वाजवी हवी. तेही एका जप्त झालेल्या पासपोर्टामुळे उघडलं.

पण एक म्हणते. कायदा दाखवला तर तो कागद असतो. कागदाला कोर्टात नेता येतं, त्याच्यावर अग्रलेख लिहिता येतो, पुढच्या निवडणुकीत विचारता येतं. ६६-अ रद्द झालं ते छापलेलं होतं म्हणून. ‘आज जरा कडक करा’ हे कुठल्या कोर्टात रद्द करून घेणार?

मांडवीकाठ | बुधवार, सकाळी १०.२०

पणजीहून. आमच्या आजोबांकडून ऐकलेलं: पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत गोव्यात लग्नाची पत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी सेन्सॉरला दाखवावी लागायची. सभा तर दूरच. १८ जून १९४६ ला मडगावात लोहिया बोलायला उभे राहिले तेव्हा मनाई मोडणं हाच कार्यक्रम होता. आजोबा सांगायचे, १९६१ नंतर घरात पहिलं लग्न झालं तेव्हा त्यांनी पत्रिकेत मुद्दाम चार ओळी जास्त घातल्या. कशाबद्दल, तर काहीच नाही, नुसत्या देवाच्या आरतीच्या. कुणाला न विचारता छापता येतं म्हणून छापल्या.

पारिजात_७५ | बुधवार, दुपारी १२.१५

वडील आणीबाणीत मिसाबंदी (मिसा या विनाखटला स्थानबद्धतेच्या कायद्याखाली आत) होते. नाशिकरोडला १९ महिने. मी पाच वर्षांची. आईला पत्र यायचं त्यात मधल्या ओळी काळ्या शाईने खोडलेल्या असायच्या, आणि मी त्या उजेडासमोर धरून वाचायचा प्रयत्न करायचे. पुढे वडिलांना विचारलं काय लिहिलं होतं त्यात, तर म्हणाले, "आठवत नाही. बहुतेक भाजीबद्दल असेल."

अंगणवेलताई, तुमचे संझगिरी १९६५ च्या आणीबाणीत जिंकले. माझे वडील १९७६ च्या आणीबाणीत का हरले? घटना तर तीच होती ना?

फौजदारीवाला | बुधवार, रात्री ८.५५

@पारिजात_७५, हा प्रश्न एखाद्या वर्गात विचारायला हवा. कारण तांत्रिक आहे आणि तितकंच भयंकर.

१९६२ चा राष्ट्रपतींचा आदेश सशर्त होता. त्याचा अर्थ: भारत संरक्षण कायद्याखाली किंवा त्याच्या नियमांखाली हक्क काढून घेतला असेल, तर कोर्टात येऊ नका. म्हणून संझगिरी म्हणू शकले, माझा हक्क त्या कायद्याखाली काढलेलाच नाही, नियमात तसं काहीच नाही, म्हणून मी येणार. पुस्तक त्या एका ‘जर’मधून बाहेर पडलं. २७ जून १९७५ च्या आदेशात तो ‘जर’ ठेवलाच नाही. कलम १४, २१, २२ साठी (समता, जीवित-स्वातंत्र्य, अटकेतलं संरक्षण) कोर्टाचं दार सरसकट बंद. मागच्या वेळी फट कुठे राहिली होती ते सरकारने नीट वाचलं होतं!

तरी मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं की निदान अटक कायद्याप्रमाणे आहे का एवढं आम्ही बघणारच. ते सगळे निकाल २८ एप्रिल १९७६ ला जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक असे उलटले. सुनावणीत न्या. खन्नांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारलं होतं: पोलिसाने वैयक्तिक वैरातून एखाद्याचा जीव घेतला तर काही दाद आहे का? डे यांचं उत्तर होतं की त्यांच्या युक्तिवादाप्रमाणे, आणीबाणी आहे तोवर, नाही. चारांच्या विरोधात गेलेले ते एक म्हणजे खन्ना. पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून कनिष्ठ न्यायाधीश सरन्यायाधीश झाले, खन्नांनी राजीनामा दिला.

चारांमध्ये आपल्या पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड होते. २०१७ च्या त्याच पुट्टस्वामी निकालात त्यांच्या मुलाने, धनंजय चंद्रचूड यांनी, जबलपूर निकाल गंभीररीत्या सदोष होता असं लिहून तो मोडीत काढला. ४१ वर्षांनी. तुमच्या वडिलांना त्याचा काही उपयोग नव्हता, हे मला कळतं.

त्याआधी १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने एक कुलूप घातलं: कलम २० आणि २१ आता आणीबाणीतही निलंबित करता येत नाहीत. पण त्याच दुरुस्तीतला दुसरा तुकडा कुणी फारसा सांगत नाही. विनाखटला स्थानबद्धतेची, सल्लागार मंडळाविना, कमाल मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणणारं कलम संसदेने मंजूर केलं, आणि ते अंमलात आणण्याची अधिसूचना आजतागायत निघालेली नाही. सरकारं आली, गेली, त्यातली काही तर मिसात आत बसलेल्यांची होती.

खाकी_निवृत्त | बुधवार, रात्री ९.३०

शेवटची ओळ वाचली. आम्ही ज्यांना आत टाकलं तेच पुढे मंत्री होऊन बंदोबस्तात पुढच्या गाडीत असायचे. कुणी कायदा बदला म्हटलेलं ऐकलं नाही. बंदोबस्त वाढवा म्हटलेलं ऐकलं.

व्यवहारी | बुधवार, रात्री १०.१०

माझं मत पूर्ण बदललेलं नाही, नाकाबंदी हवीच. पण ‘काही लपवायचं नाही तर दाखव’ हे मी इथून पुढे म्हणणार नाही. काल बायकोने माझा फोन मागितला आणि मी चार सेकंद थांबलो. लपवायला काही नव्हतं, खरंच.

सदाफुली | बुधवार, रात्री १०.१४

चार सेकंद??? वहिनींना इथे बोलवा.

अंगणवेल | पाच आठवड्यांनंतर, शुक्रवार, सायंकाळी ६.२०

धागा वर काढतेय, सॉरी.

खाकीकाकांच्या ‘तोंडी आदेशा’वरून सुचलं. दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात एकच गोष्ट मागितली: नाकाबंदीत नागरिकांचे मोबाईल तपासण्याबाबत जे परिपत्रक, आदेश अथवा कायद्याची तरतूद आपल्या कार्यालयात असेल त्याची प्रत द्यावी. भाच्याचं नाव नाही, तक्रार नाही.

काल उत्तर आलं. अर्धं पान, खाली सही-शिक्का. "सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही."

भावोजी म्हणाले, "बघ, काहीच दिलं नाही त्यांनी." भाच्याने त्या कागदाच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक लॅमिनेट करून लायसन्सच्या पाकिटात ठेवलीय, पीयूसीच्या मागे.

खाकी_निवृत्त | शुक्रवार, सायंकाळी ७.०५

एक झेरॉक्स मला पाठवा. आणि त्याला सांगा, दाखवताना हसू नकोस. हसलास की गाडीचा इंडिकेटर चेक होतो.